सोलांचा भाव

हसू नका, पण माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माझ्या सासूबाई. ह्यांची मुंबईची कंपनी बंद पडली, म्हणून मालवणच्या बाजारात मी कोकमाची सोलं विकायला बसले. "बाजारात बसान घराचा नाव घालवतलंस," म्हणून सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरलेला.

मी लाजेने मान खाली घालून बसलेली, मला कोण विचारणार? दुपारी समोर त्याच उभ्या!

"काय गो, सोलां कशी दिलंस?"

मी पुटपुटले, "आई, ही आपल्याच घरची..."

"भाव सांग!"

अशी मोठ्याने घासाघीस केली की बायका जमल्या आणि टोपली रिकामी झाली.

घरी त्यांनी विकत घेतलेली सोलं परत बरणीत ओतली. "पुढच्या बाजाराक मान वर करून बस. माका दर खेपेक येवक जमाचा नाय."