दहापैकी तीन

—न्हाय, मी जनीकडं येणार न्हाय, एकदा सांगितलं ना? आणि दारात उभी राहून भांडू नको गो अमिषा, आत ये, बस, चहा ठेवलाय. जनीची नात तू, माझ्या मांडीवर वाढलीस, आणि मला जाब विचारतेस? दहापैकी तीन दिले म्हणून तुझ्या आजीनं ते गाणं पुसून टाक म्हटलं, तर त्यात मी काय करू? तीन म्हणजे शून्य न्हाय. गेल्या महिन्यात एकाला मी दोन दिले, तो काय रडत आला न्हाय. आणि मला काय माहीत ते तुझं होतं? नियमच तसा हाय. प्रणयनं, माझ्या नातवानंच, केलाय तो — मोबाईलवरचा तुमचा तो ग्रुप, पंधरा जणांचा, महिन्याला एकेकानं एक गाणं पाठवायचं, ते विलायती बडवण्याचं मेटल नायतर ते लांबलचक, उलटसुलट तालाचं प्रोग, स्वतः केलेलं असो की दुसऱ्याचं आवडतं, नाव झाकून माझ्यापाशी येतं, मी ऐकायचं, गुण द्यायचे, दोन शब्द लिहायचे, मग रविवारी नावं उघडायची. जिंकणाऱ्याला काय मिळतं? बाकीच्यांच्या शिव्या! गंमत हाय ती. गमतीवरनं कोण आपला आवाज पुसून टाकतं?

आणि जज मला कोणी केलं, तुम्हीच ना? मी काय अर्ज केला होता? प्रणय बंदरातनं क्रेन चालवून यायचा आणि घरात ती गाणी लावायचा, भांडी थरथरायची फळीवर. मी एक दिवस भाकरी थापता थापता म्हटलं, अरे, हा बडवणारा सात मोजतो, मग पाचावर उडी मारतो, परत सात — मुद्दाम करतो की चुकतो? पोरगा बघतच राहिला. त्याला ते कळायला तीन महिने लागले होते म्हणे! अगो, मी धवलारीण हाय, चाळीस वर्षं लग्नं लावलीत मी धवले, लग्नाची गाणी, म्हणून, हळदीपासनं पाठवणीपर्यंत. एकेक धवला अर्धा-पाऊण तास, कागद न्हाय की पुस्तक न्हाय, सगळं डोक्यात. आणि तुम्ही म्हणता वीस मिनिटांचं गाणं लांब हाय! शाळेत मी गेले न्हाय, अक्षरं चाळिशीत शिकले, पोरांच्या पुस्तकावरनं, पण कान मला कोणी शिकवला न्हाय, तो माझा मी कमावलाय. ओरडणाऱ्यांचंही मला काय वाटत न्हाय. पोटातनं ओरडला तर तो आवाज, नुसत्या घशातनं ओरडला तर खोकला. एकाला मी तेच लिहिलं, 'डॉक्टरला दाखव' — सगळी हसली, तोही हसला. तसंच समज. तुझ्या गाण्यात बडवणं जास्त होतं, ती गिटार आधी चार मिनिटं एकटीच रडत बसते, म्हणून तीन. झालं. घे, चहा घे.

काय? तसं लिहिलं न्हाय मी? मग काय लिहिलं? मला काय पाठ हाय सगळं? न्हाय, मोबाईल नको दाखवू, चष्मा आत हाय — बरं वाच तू, वाच. ... हं. 'मागची बाई पुढं आणली की गाणं पडतं.' असंल. लिहिलं असंल. त्यात काय झालं? अशी बघू नको माझ्याकडं. गाण्यात एकच आवाज हाय, ते मलाही माहीत हाय. एकट्या आवाजात मागची कोण आणि पुढची कोण, हे बाकी कोणाला कळणार — व्हय. न्हाय कळणार. बाकी कोणालाच न्हाय कळणार.

ओळखलं. बस? ओळखलं मी. पहिली ओळ यायच्या आधी ओळखलं, नुसत्या श्वासावरनं. जनी नाकानं घेते श्वास, चोरून, कोणाला कळू नये असा. आपल्या आळीतल्या नामाच्या लेकीच्या हळदीतलं हाय ते, सहा वर्षं झाली. तू जात्यापाशी मोबाईल धरून बसली होतीस, मीच तुला पाट दिला होता बसायला. दोघी म्हणत होतो आम्ही. मी ओळ टाकायची, जनीनं ती झेलायची, परत मी, परत ती, हीच रीत. आणि तू काय केलंस? मला कापलंस. माझी एकेक ओळ कापून तिथं गिटार घातलीस आणि जनीला ठेवलीस. का गो? माझा आवाज काय तुझ्या आजीच्या आवाजाला आडवा येत होता? बोल ना! ... न्हाय, नको बोलू. तिचा घसा कापला डॉक्टरांनी, दोन वर्षं झाली तिच्या तोंडून शब्द न्हाय, तुला तिचाच आवाज हवा होता, कळतं मला. नात हायस तू. मला तेव्हाही कळलं होतं. कळलं आणि तरी लिहिलं.

कारण ते पडलं न्हाय गो. मी वाट बघत बसले होते पडंल म्हणून. म्हटलं, ओळ टाकणारीच न्हाय तर झेलणारी काय झेलणार, दोन मिनिटांत उघडी पडंल. आणि ती उभी! तुमच्या त्या बडवण्यात, त्या कल्लोळात, एकटी उभी, एक सूर हलला न्हाय. परत लावलं. परत लावलं. मग मला दिसलं, तिचा सूर प्रत्येक ओळीला जरा खालनं येतो. खालनं का? कारण मी वर जाऊन सोडून द्यायची ना — दम संपायचा माझा, मी सोडायची आणि ती खालनं हात लावायची, पडू द्यायची न्हाय. चाळीस वर्षं. मांडवातली माणसं म्हणायची, सत्यवतीबाईचा गळा काय गळा! पहिली साडी मला, दुसरी तिला. नारळ मला, आणि तिला म्हणायचे, तुम्ही पण घ्या हां. आणि मी घ्यायची. माझं हाय म्हणून घ्यायची. तिनं एकदा तरी म्हणायचं ना! गळा होता तेव्हा एकदा तरी म्हणायचं — सत्या, तुझा सूर मी सावरते. न्हाय बोलली. आता तिला बोलता येत न्हाय, आणि आता तुझ्या गाण्यानं मला सांगितलं. मग मी हात आखडला आणि तीन दिले. बुडवायचंच होतं मला. घे, ऐकायचं होतं ना तुला?

पाटीवर लिहिलं म्हणतेस तिनं? काय लिहिलं? 'पुस'? एवढंच? अक्षरं मीच शिकवली तिला, मी शिकले त्याच वर्षी, तिच्या ओट्यावर बसून. 'प'ला काना देऊ नको म्हणून ओरडायची मी तिला... आणि हळदीतलं मूळचंही पुस म्हणते? सगळं? अगो, पृथ्वीवर तेवढाच तिचा आवाज शिल्लक हाय! मग तू — न्हाय ना पुसलंस? माझी शपथ? हं. संध्याकाळी तुझा मोबाईल हातात घेऊन ती स्वतः बघणार हाय, पुसलंस की न्हाय ते. म्हणून तू धावत आलीस.

मग असं कर. जाऊन सांग तिला, म्हातारीचे कान गेले. सांग, सत्यवतीला हल्ली सातातलं पाच कळत न्हाय, प्रणयनं तिला जज म्हणून काढून टाकलंय, तिचं काय ऐकता? सांग असं. माझी काय हरकत न्हाय, गावभर सांग. कान एवढीच माझी मिळकत होती, गेली तर गेली. ... काय गो, मान का हलवतेस? पटायचं न्हाय तिला? व्हय, न्हाय पटायचं. जनी मला माझ्यापेक्षा जास्त ओळखते, खोटं तिला मागनंही कळतं. मग खरं तूच सांग ना, आत्ता ऐकलंस सगळं, तसंच सांग — न्हाय? मीच?

मी काय बोलू तिच्यासमोर? ती बघंल माझ्याकडं. बोलणार न्हाय, नुसती बघंल, आणि मी चाळीस वर्षं... ऊठ. ऊठ, चहा राहू दे. रिक्षा घेऊन तू पुढं जा आणि मोबाईल तिच्या हाताला लागू देऊ नको. मी चालत येते. न्हाय, तुझ्याबरोबर न्हाय, सोबत नको मला कोणाची. आणि मी आले की तू घरात थांबायचं न्हाय, बाहेर जायचं, दार लावून घ्यायचं. बघतेस काय? जा म्हटलं ना. जा.