कपाटातलं वायफाय

दिवसभर कंपनीतलं नेटवर्क सांभाळून अंजलीचं डोकं शिणलं होतं. सिल्वासाच्या बसथांब्यावर तिच्या शेजारी एक आत्या आणि भाचा बोलत होते.

"आत्या, राउटर ठेवलायस तरी कुठं?"

"लोखंडी कपाटात. वायरींपुरतं भोक पाडलं आणि वरून कुलूप घातलं. सगळी चाळ फुकट नेट वापरते माझं!"

"अगं, वायर राउटरपर्यंतच येते. पुढं वायफाय हवेतून जातं. लोखंड त्याला अडवतं."

"मग कुलूप कुठं लावू?"

"पासवर्ड हेच त्याचं कुलूप. तो बदलला की चाळीचं नेट बंद."

"म्हणजे व्हिडिओ कॉल तुटतो तो..."

"कपाटामुळे."

"म्हणजे माझी रोशनी फोन कापत नाही?"

"ती कशाला कापेल?"

"महिना झाला, फोनच उचलला नाही मी तिचा. म्हटलं, लग्न झालं, आता आई नकोशी झाली पोरीला."

"आत्या, सामरवरणीची बस आली. चल."

"जाऊ दे. इथं रेंज आहे ना? लाव तिला फोन."

अंजलीचीही तीच बस होती. ती बाकावरून उठली नाही.

"हॅलो, रोशनी? अगं, तुझी आई कपाटात अडकली होती."