ढगामागचा चांद

मी आज जो काही हाये तो युसूफचाचामुळं, हे पहिले लिहून घ्या. हसनाबादला आमच्या घराला लागून त्यांचं शिवणकामाचं दुकान, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलंच न्हाई. वडील म्हणले, झालं तेवढं बस, आता शेतात चल, तर चाचा मशीन थांबवून म्हणले, किसनभाऊ, पोरगं सवाल लई विचारतं, त्याला जालन्याला धाडा, तुमचे बैल काय त्याला जवाब देणार न्हाईत. असा मी सायन्सला गेलो.

काय सांगू तुम्हाला, दोन वर्षांत डोक्यात हवा गेल्ती. रमजानचा एकोणतिसावा रोजा, चांद दिसला तर उद्या ईद, न्हाईतर अजून एक रोजा; संध्याकाळी चाचा गच्चीवर चांद शोधून राह्यले, आणि पश्चिमेला नुसते ढग. मी म्हणलं, चाचा, मी गणित केलंय, चांद ढगामागं बराबर हाये, उद्या ईद करा. ते म्हणले, हाये ना बेटा, मी कुठं न्हाई म्हणलं, पण कुणी पाह्यला? मी सगळ्यांसमोर हसलो, म्हणलं, तुम्ही पाह्यला न्हाई तर काय चांद गायब होतो? चाचा खाली उतरले, आणि दुसऱ्या दिवशी तिसावा रोजा धरून भर उन्हात मशीनवर बसले.

मंग एमेस्सीला सरांनी क्वांटम शिकवलं. इलेक्ट्रॉन पाहण्याआधी कुठं असतो, तर नुसती शक्यता सांगता येते, गणित बिलकुल बराबर येतं, पण त्याचा अर्थ काय यावर मोठमोठे लोक जन्मभर भांडले. सर म्हणले, एका फार मोठ्या शास्त्रज्ञानं सोबत्याला विचारलं, आपण पाहत नसतो तेव्हा चंद्र नसतो का? वर्ग हसला. मी खाली पाहून राह्यलो. माझाच सवाल व्हता तो, पण त्यानं विचार करून विचारलेला, मी चाचांना चिडवायला.

आता मी वडीगोद्रीला शाळेत शिकवतो. चाचांची नजर गेली, मशीन सून चालवती. इतकी वर्षं तोंडानं माफी मागायची हिंमत झाली न्हाई, म्हणून परवा पत्र धाडलं, सून वाचून दाखवील. हे त्यातलंच:

आदरणीय चाचा, सलाम. त्या संध्याकाळी मी तुम्हाला हसलो, ते चुकलं. चांद आहे हे तुम्हालाही माहीत होतं. पण असणं आणि कुणीतरी पाहिलेलं असणं यात काही अंतर आहे, हे कळायला मला एम.एस्सी. करावी लागली, आणि ते अंतर नेमकं काय, हे अजून कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. मुलांनाही मी तसंच सांगतो. यंदा एकोणतिसाव्या रोज्याला मी येतोय. तुमच्या गच्चीवर उभा राहून पाहीन. मी मुसलमान नाही, म्हणून चांद दिसल्याची माझी गवाही धरत नाहीत हे ठाऊक आहे. ढग आले, तर दुसऱ्या दिवशीचा रोजा मीही धरीन, तुमच्याशेजारी बसून. तुमचा, सुदाम.