वेत्रानं मागितलेली दृष्टी

मंडळी, आज तुम्हांलाच विचारतो — वाट बघायची कुठवर? माणूस गेला हे डोळ्यांनी पाहिलं, तर रडता येतं. परत आला, तर दोन शिव्या घालून का होईना, जेवायला वाढता येतं! पण ना गेल्याचा निरोप, ना येण्याची चाहूल — अशा बाईनं करायचं काय? आणि दुसरं. असल्या बाईचं दुःख मोठं, की सिंहासनावरच्या राजाचं? थांबा, थांबा, आबा, मान डोलवू नका! उत्तर तुम्हीही द्यायचं नाही आणि मीही नाही. ते कथेतून येईल.

ऐका तर.

कुरुक्षेत्रावरचं युद्ध संपलं. अठरा दिवस! भावांनी भावांना मारलं, गुरूवर शिष्यानं बाण सोडला. आणि ज्या महर्षींनी हे सगळं महाकाव्यात बांधलं, ते काय कुणी परके होते? अहो, दोन्हीकडची पोरं त्यांचीच! हाही नातू, तोही नातू. ज्याची कथा सांगायची, त्याचंच तर्पण केलेलं! गुरुजनांचं नाव सारखं तोंडी घेऊ नये, म्हणून मी नुसतं महर्षी म्हणतो. तुम्हांला कळलं, पुरे.

तर हिमालयाच्या कुशीत आश्रम. सांगणारे महर्षी आणि लिहायला बसले कोण? साक्षात गणराय! त्यांनी अट घातली — "माझी लेखणी थांबता कामा नये. थांबली, की मी उठलो!" (आमच्या तबलजींनी अशी अट घातली ना, तर माझं कीर्तन पाच मिनिटांत आटोपेल!) महर्षीही काही कच्चे नव्हते. ते म्हणाले, "कबूल. पण तुम्हीही समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही."

झालं! कथा सुरू झाली. पण मंडळी, लिहायचं म्हणजे शाई लागते की नाही? ती शाई कोण करत होतं?

इथं येते आपली वेत्रा. हिचं नाव पोथीत शोधू नका, सापडणार नाही. माझ्या गुरूंच्या गुरूंनी ओसरीवर बसून सांगितली, तशी मी सांगतो.

वेत्रा यमुनाकाठची. नवरा नंदिल, नावाडी. युद्धाच्या आधी राजाची माणसं गावात आली, होड्या घेऊन गेली आणि होड्यांबरोबर नावाडीही घेऊन गेली. कुठल्या राजाची माणसं? वेत्राला नीट कळलं नाही. कळून तरी काय करायचं होतं? जाताना नंदिल म्हणाला, "पैलतीरावर माणसं उतरवायची, एवढंच काम आहे. पंधरा दिवसांत येतो बघ."

पंधरा दिवस गेले. युद्ध संपलं. गावातले दोघं परत आले, एक लंगडत, एक मुका होऊन. नंदिल आला नाही. वेत्रा रणावर जाऊन शोधून आली, तिथंही सापडला नाही. पडला म्हणावं, तर पाहिलेला कुणी नाही. वर्ष गेलं. सासू म्हणाली, "पोरी, पूस आता ते कुंकू. लोक बोलतात."

"कुणी पाहिलं, आत्याबाई?"

"पाहायला कशाला हवं? वर्ष झालं की!"

"मी पाहिलं नाही ना? मग नाही पुसणार."

काय म्हणावं हिला? हट्टी? वेडी? गाव दोन्ही म्हणालं!

पुढं एक बैरागी गावावरून चालला होता. तो सांगत होता, "डोंगरात एक महर्षी युद्धाची सगळी कथा सांगताहेत. कोण कुणाशी लढला, कोण कसा पडला, सगळं!"

वेत्रा घागर तिथंच टाकून धावली. "सगळं?"

"अगदी सगळं, माई! त्यांना दिव्य दृष्टी आहे."

निघाली बाई! महिनाभर चालून आश्रमात पोचली. दारात एक शिष्य भेटला. त्यानं विचारलं, "तुला येतं काय?"

ती म्हणाली, "होडीच्या फटी बुजवायला मी राळ नि काजळी घोटते."

"मग शाई घोट!"

आणि मंडळी, तीन वर्षं! तीन वर्षं रोज पहाटे दिव्यांवरची काजळी खरवडायची, त्यात डिंक घालायचा, खलात घोट घोट घोटायचं. वाटी कुटीत नेऊन ठेवायची आणि कुडापाठीमागं बसून ऐकायचं. राजांचे जन्म झाले, स्वयंवरं झाली, द्यूत झालं, वनवास झाला. हिला त्याचं काय! हिचा जीव युद्धात अडकलेला. एकदाचा तो पहिला दिवस आला. शंख वाजले. वेत्रानं कुडाला कान लावला.

राजे आले, राजपुत्र आले. शंखांना नावं, धनुष्यांना नावं, घोड्यांना नावं! एक दिवस तर एका हत्तीचं नाव आलं. वेत्रा मनात म्हणाली, हत्तीचं आलं, आता माणसाचं येईल. दहावा दिवस गेला. पंधरावा गेला. अठराव्या दिवशी तळ्याकाठी गदा फिरली, शेवटचा राजा पडला — आणि महर्षी म्हणाले, "युद्ध संपलं."

नंदिलचं नाव आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी कोरडी! महर्षींनी श्लोक म्हटला, गणरायांनी लेखणी बुडवली — आणि टक्क आवाज आला. महर्षींना वाटलं, अट मोडली! आता हे उठणार!

पण गणराय हसले. म्हणाले, "महर्षी, समजल्याशिवाय लिहायचं नाही, ही अट तुमची. कुडापलीकडं तीन वर्षं एक बाई हुंदके गिळते आहे. ते मला अजून समजलेलं नाही. समजेपर्यंत मी थांबतो. तुम्ही जा."

महर्षी स्वतः उठून बाहेर आले. वेत्रा रिकाम्या खलापाशी बसली होती.

"मुली, शाई?"

"कशाला घोटू, महाराज? तुमची कथा संपली. माझा माणूस त्यात आलाच नाही."

"कोण तुझा माणूस?"

तिनं सांगितलं. महर्षी खाली मातीत बसले. मंडळी, एवढा मोठा ज्ञानी! वेद ज्यानं नीट लावून दिले! त्याला म्हणता आलं असतं, बाई, देह नश्वर आहे. म्हणता आलं असतं, आता विसर. त्यांनी काय विचारलं, ठाऊक आहे?

"कसा होता गं तो?"

चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. वेत्रानं खल बाजूला सारला. मग म्हणाली, "उंच नव्हता. पोहताना गायचा. बेसूर."

महर्षी म्हणाले, "मी त्या रणात गेलो होतो, मुली. पण माझी माणसं, तेवढीच पाहिली. तुझा नंदिल मी पाहिलेला नाही. खोटं सांगत नाही. मात्र तुला बघायचं असेल, तर दृष्टी देतो. युद्धाआधी आंधळ्या राजालाही देत होतो. तो नको म्हणाला. पोटच्या पोरांचं मरण बघवणार नाही म्हणाला."

राजानं नको म्हटलं, मंडळी!

वेत्रा म्हणाली, "द्या."

महर्षींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं डोळे मिटले. आणि बोलू लागली —

"संध्याकाळ आहे... लढाई थांबलीय. मोडका रथ आहे. त्याच्या सावलीला... आहे! तोच आहे! पोटात भाला आहे, महाराज. शेजारी एक माणूस बसलाय. दुसऱ्या सैन्यातला. त्याचा एक हात तुटलाय. दुसऱ्या हातानं तो ह्याला पाणी पाजतोय."

"काही बोलतोय का नंदिल?"

"म्हणतोय... वेत्रा, होडी बांधलीस का?"

"मग?"

"तो माणूस म्हणतोय, बांधली रे. निज तू आता."

वेत्रानं डोळे उघडले. हसायला लागली! डोळ्यांतून धारा आणि बाई हसतेय! "रोज मलाच विचारायचा, महाराज! स्वतः म्हणून कधी बांधली नाही! दोनदा वाहून गेली होडी!" आणि मग जी रडली... चार वर्षांचं रडणं, मंडळी. महर्षी उठले नाहीत. तेही रडले. श्लोक सांगताना तीन वर्षांत जे जमलं नव्हतं, ते त्या खलापाशी जमलं.

शेवटी म्हणाले, "सांग, त्याचं नाव कुठं घालू?"

वेत्रानं पदरानं डोळे पुसले. मग तिनं विचारलं, "त्या पाणी पाजणाऱ्याचं नाव काय हो?"

महर्षींनी डोळे मिटले. पुष्कळ वेळानं म्हणाले, "ते मलाही दिसत नाही."

"मग एकट्या नंदिलचं नको. पण महाराज, युद्ध संपलं म्हणून तुम्ही थांबू नका. तुमचं संपलं, त्या दिवशी आमचं सुरू झालं! मी गेले होते तिथं. आम्ही शेकडो बायका होतो. हात सापडायचा, तोंड सापडायचं नाही. एक राणी होती. माझ्या शेजारीच वाकून बघत होती. कुणी तिला वाट करून दिली नाही, तिनंही मागितली नाही. तिला तिचा सापडला. मला म्हणाली, तुझाही सापडेल गं. हे लिहा. नावं नकोत. बायका शोधत होत्या, एवढं लिहा."

आणि ती झऱ्यावर गेली. कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं. नंदिलच्या नावानं ओंजळभर पाणी सोडलं. मग आणखी एक ओंजळ सोडली — जो आपल्या माणसाला शेवटचं पाणी पाजून गेला, त्या बिननावाच्या माणसासाठी. परत आली, खलापाशी बसली, आणि घोटायला लागली.

त्या दिवशी त्या शाईनं काय लिहिलं गेलं? रणावर आपली माणसं शोधणाऱ्या बायकांचं पर्व! त्यात राण्या आहेत, राजमाता आहेत. वेत्रा नाही. पण ते पर्व वाचताना ज्याला हुंदका येतो ना, त्याला वेत्रा भेटली म्हणून समजा.

आता तुमच्याकडे वळतो. सुटका नाही! ज्याचं माणूस गेलं, हरवलं, दूर राहिलं, त्याला आपण काय सांगतो? विसर! का सांगतो? त्याच्या भल्यासाठी? छे! आपल्याला ऐकायचा कंटाळा येतो म्हणून! तेच तेच काय सांगतेस, म्हणून आपण उठून जातो. अहो, ज्यांना त्रिकाळ दिसत होता ते मातीत बसले आणि विचारते झाले, कसा होता गं तो? आणि आपल्याला वेळ नाही?

या मांडवात प्रत्येक ओळीत एक तरी वेत्रा बसली आहे. पुरुषांच्या बाजूलाही आहे, खाली बघू नका! तिला ज्ञान सांगू नका. शेजारी बसा आणि विचारा.

वादकहो, थांबा जरा. मंडळी, ज्याला ज्याची आठवण येते, त्यानं त्या माणसाचं नाव मनात घ्या. मोठ्यानं नको.

घेतलंत?

आता देवाचं घ्या.