टोकन नंबर चारशे बारा

हसू नका हं, पण माझे सोळा सोमवार एका टोकन नंबरामुळं फळाला आले.

आमचे हे चिकलठाण्याच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि हसायचंच विसरले. पहाटे उठून दाढी करायचे, बूट घालायचे आणि दारातल्या खुर्चीवर नुसते बसून राहायचे. "जरा बाहेर जाऊन या की," म्हटलं तर म्हणायचे, "कोण म्हणून जाऊ?" शेवटी मी शंकराला सोळा सोमवार बोलले. म्हटलं, देवा, यांना एकदा पोटभर हसव.

उद्यापनाला आम्ही दोघं पाटावर बसलो. गुरुजींनी यांच्या हातावर पाणी घातलं. "संकल्प सोडायचाय, काका. नाव आणि गोत्र सांगा."

हे एकदम ताठ झाले. "टोकन नंबर चारशे बारा, मशीन शॉप!"

कारखान्याच्या गेटवर रोज सांगायचे, तेच तोंडातून गेलं. यांचा चेहरा एवढासा झाला.

मागं शहागंजचे रफिकभाई गुडघ्यांमुळं खुर्चीवर बसले होते. तीस वर्षं हे दोघं शेजारशेजारच्या मशीनवर. ते तिथूनच ओरडले, "अरे भाऊ, पैले कार्ड तो पंच करो! नाय तर महादेव हाफ डे लावतील!"

आणि हे हसले. हातातलं पाणी सांडलं, डोळे पुसायला लागले, तरी हसतच राहिले.

गुरुजींनी पुन्हा पाणी घातलं. मला म्हणाले, "काकू, आता मनातलं मागून घ्या."

मागायचं ते तर आत्ताच मिळालं होतं. मग मी आपलं रफिकभाईंच्या गुडघ्यांसाठी मागितलं.