वेगळं ताट

(अलिबागमधला दवाखाना. टेबलामागे डॉक्टर मृणाल. समोर जहुराचाची आणि त्यांची सून काशिफा.)

मृणाल : थुंकी तपासली नाही, एक्स-रे काढला नाही. मग टीबी शोधला कुठून त्या आधीच्या डॉक्टरांनी?

काशिफा : रक्ततपासणीच्या ह्या कागदावरून. ईएसआर एकशे दहा आहे ना. ते डॉक्टर बोलले, एवढा वाढलाय म्हणजे टीबीच. ताप येत होता, वजन पण उतरलं होतं.

मृणाल : शी!

जहुरा : काय त्या गोळ्या, बाय! लघवी केशरी, तोंड कडू जहर. पापलेट समोर आलं तरी उमासे येतात. माज्यासारखीला पापलेटाची किळस, ऐकलंस कधी?

काशिफा : म्हणजे ही तपासणी खोटी?

मृणाल : तपासणी खरी आहे हो. रक्त उभ्या नळीत ठेवतात आणि तासाभरात लाल पेशी किती खाली बसल्या ते मोजतात. भराभर बसल्या तर अंगात कुठेतरी जळतंय, एवढंच कळतं. धूर दिसला तर पेटलंय कुठे ते बघायचं, की दिसेल त्या घरावर पाणी ओतायचं? किळस येते असल्या डॉक्टरकीची. चाची, डोळ्याने दिसेनासं कधीपासून झालं?

जहुरा : परवा उठले तर डावीकडे सगळा काळोख. त्याच्या आधी कानशील ठणकायचं. फणी लागली तरी कळ यायची.

मृणाल : आणि जेवताना? जबडा दुखतो?

जहुरा : दुखतो म्हणजे! चार घास चावले की भरून येतो. मग हात आवरते. थांबले की बरा.

काशिफा : अम्मी! हे कधी बोलल्या नाहीत तुम्ही!

जहुरा : कोणाला बोलू? पडवीच्या भिंतीला?

मृणाल : पडवीच्या?

काशिफा : आमच्यात सगळे एकाच थाळ्यात जेवतो, डॉक्टर. मोठा थाळा मधे, भोवती आम्ही. टीबी सांगितल्यावर... माझी मंतशा लहान आहे. मी अम्मींचं ताट पडवीत नेलं.

जहुरा : ताट वेगळं, पेला वेगळा. ही ताट ठेवायची ती नाकाला ओढणी लावून. शेवटी मला माजीच घाण वाटायला लागली.

काशिफा : पण ताट तर रोज साफ असायचं!

जहुरा : मांजरीने केलेलं. तीच बसायची माज्याबरोबर जेवायला.

मृणाल : थाळ्यात बसल्या असत्या तर पहिल्याच जेवणात कुणाला तरी दिसलं असतं. कानशिलातली रक्तवाहिनी सुजलीय, आणि ती सूज डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत गेली. ह्या वयात कानशील ठणकतं, जबडा भरतो आणि ईएसआर एवढा! हाच आकडा नीट वाचला असता तर डोळा वाचवता आला असता.

काशिफा : आता?

मृणाल : डावा परत येईल असं वाटत नाही. उजवा वाचवायचाय. सूज उतरवायची सुई आत्ता देते, मग आजच मुंबईला न्या, चिठ्ठी देते. टीबीच्या गोळ्या बंद. औषध लागू पडतंय का, ते बघायला पुन्हा हीच तपासणी करू.

काशिफा : अम्मी, माफ करा मला. परत आलो की थाळ्यातच बसायचं. माझ्या बाजूला.

जहुरा : बसेन गो. पण तू उजवीकडे बस. डावीकडे बसलीस तर नाकाला ओढणी लावलीस का न्हाय, ते मला दिसायचं न्हाय.