आयुधपूजेतला रंगीत फोन

मी मोठ्यांचं ऐकत नाही म्हणता ना? एकदा ऐकलं होतं, ते अजून बोचतंय. नवाकोरा मोबाइल आणला होता, पडद्यावर चक्क रंग दिसणारा. माझी मैत्रीण नलू त्याच संध्याकाळी अमेरिकेला निघणार होती. "तुझ्या मोबाइलवर पहिला फोन माझा, विमानतळावरून करते," म्हणाली होती. घरात दुसरा फोन नव्हताच.

आणि नेमकी आयुधपूजा! अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, बंगळूरच्या पीण्यात लेथचा कारखाना. त्यांनी घरातल्या पान्यांशेजारी माझा फोनही मांडला, बंद करून, वर पडद्याला कुंकू लावून.

"अण्णा, आधी रंग तरी बघा!"

"स्वल्प थांब. पूजेतल्या आयुधाला उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"ते आयुध नाही, फोन आहे! नलू निघालीय!"

आई म्हणाली, "सणाला तरी भांडू नकोस ग." आणि मी चक्क ऐकलं.

सकाळी अण्णांनीच फोन हातात दिला. "घे, आता बोल नलूशी."

"कुठे बोलू? ती विमानतळावरच्या बूथवरून करणार होती. आता विमानात असेल."

मी फोन सुरू केला. अण्णांनी सदऱ्याच्या टोकाने कुंकू पुसलं, पडदा डोळ्यांजवळ नेला आणि हळूच म्हणाले, "रंग छान आहेत ग."